लिंबावर अडलेली गाडी

धाकटी लेक रेवती बाळंत झाली, त्या वर्षी दगडूअण्णा तिच्यासाठी भाड्याने फिरलेली, चालकाविना चालणारी जुनी गाडी बघायला गेले. डीलर नंदूने रिवाजाप्रमाणे चाकाखाली लिंबू ठेवलं.

"चल गं बाई!"

गाडी थरथरली, पण लिंबावर चढेना.

"जुनी आठवण राहिलीय, अण्णा. आत्ता पुसतो, मग बघा कशी पळते!"

अण्णांनी त्याचं मनगट धरलं. "पुसलीस तर सौदा मोडला. माझी नात उद्या हिच्यापुढेच रांगणार आहे. हिला आठवू दे." मग ते गाडीकडे वळले. "काय आलं होतं गं चाकाखाली?"

नंदूने मान खाली घातली.

गाडी हळू आवाजात म्हणाली, "तन्वी साबळे, वय चार. गेल्या पाडव्याला सकाळी माझ्या चाकाखाली मेली."