बिनमिठाचा चिखल

माकने अंडं हातात घेतलं आणि कर्निती येरझाऱ्या घालायला लागली.

बाहेरच्या खोलीत बाप ताटकळला होता. जावा बेटावरच्या ब्रेबेसमध्ये खारवलेल्या अंड्यांचं दुकान चालवायचं आणि अंडं खाल्लं की अंगभर पित्त उठायचं, असलं त्याचं नशीब. त्यामुळे या घरात चवीचा निवाडा एकट्या माकचा, म्हणजे कर्नितीच्या आईचा. आज त्या निवाड्यावर कर्नितीचं सगळं अडकलं होतं. सेमारांगच्या नर्सिंग शाळेत तिचं नाव लागलं होतं. बाप म्हणाला होता, "एक खेप तू एकटीने लाव. आईचा हात तुझ्यात उतरला असेल, तर दुकान सोडून जायचं नाव काढायचं नाही. नसेल तर जा बापडी."

म्हणून तिने खेप बिघडवायची ठरवली. आधी रीतसर, बदकाची अंडी विटेच्या भुकटीत, राखेत आणि मिठात कालवलेल्या चिखलाने लिंपली. मग निम्म्यातच, आई बाजाराला गेलेली बघून, सगळा चिखल धुऊन टाकला. वर तसाच दिसणारा नवा थापला, मिठाचा कणही न घालता. बाहेर मीठच नाही तर आत शिरणार काय, कपाळ? पांढरं सपक राहील, बलक कच्चा, की झालं काम.

तेव्हापासून तिला एका जागी बसवत नव्हतं. टोपलीपाशी जायची, परत यायची, झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची.

"नोक, अगं पोरी, त्या खांबाला जरा टेक बघू. मला गरगरायला लागलंय तुझ्याकडे बघून," माक म्हणाली आणि तिने उकडलेलं अंडं उभं चिरलं.

बलकातून केशरी तेल सुटलं आणि पाटावर ओघळलं. माकने अर्धं अंडं लेकीच्या हातावर ठेवलं. पांढरं जिभेला जेमतेम खारट, बलक रवाळ. गावभर जिला माकचा हात म्हणत, तीच चव. कर्नितीला रडूच कोसळायचं बाकी होतं. मेलीने स्वतःच्या हातांनी स्वतःला कोंडून घेतलं होतं.

"काय गं, काय निघालं?" बापाने बाहेरून विचारलं.

माकने उरलेलं अर्धं तोंडात टाकलं. सावकाश चावून गिळलं.

"वाया गेली हो सगळी," तिने हाक देऊन सांगितलं. "हिच्या हाताला गुण नाही. जाऊ द्या तिला."

बाप काहीतरी पुटपुटला आणि उठून दुकानात गेला. कर्निती आईच्या तोंडाकडे बघतच राहिली.

"निम्म्यात चिखल बदललास ना?" माक हळूच म्हणाली. "बाहेरचं मीठ काढलं म्हणून आत शिरलेलं थांबत नाही, पोरी. पांढऱ्यातलं थोडं बाहेर येतं, बाकीचं बलकात मुरत जातं. मला तेगलला शिवण शिकायला जायचं होतं. मीही हेच केलं होतं. लोक माझा हात म्हणतात ना, तो हा. तेव्हापासून दर खेपेला चोरून बदलते."

"मग माक, आत्ता खोटं का बोललीस?"

माकने पाटावरचं तेल फडक्याने पुसून घेतलं.

"माझी आई खरं बोलली होती."