खाली घेतलेला माणूस

तात्यासाहेबांनी धाकट्या भावाची नखं पाहिली, नाकाचा शेंडा पाहिला आणि घसा खाकरून सांगितलं, "खाली घ्या."

रामकिसन दवाखान्यातल्या खाटेवर उशांना टेकून बसला होता. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, तरी हवा पुरत नव्हती. ओठ निळे पडले होते. फुलंब्रीच्या बाजूला कुणालाही घरघर लागली की तात्यासाहेबांना बोलावणं जायचं. ते नखं बघून निकाल द्यायचे आणि तो म्हणे कधी चुकला नव्हता. ज्याच्याबद्दल दिला, तो काही तक्रार घेऊन येत नसे.

निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या साली बापाला त्यांनीच खाली घेतलं होतं. जीव खाटेवर गेला तर अधांतरी राहतो, हे त्यांना लहानपणापासून पक्कं ठाऊक होतं. धाकट्याचं तसं होऊ द्यायचं नव्हतं. म्हणून मघाशीच चुलतभाऊ सांडूला कोरं कापड आणायला शहागंजच्या बाजारात पिटाळलं होतं आणि पिशवीतली गंगेची लोटी काढून हाताशी ठेवली होती.

सिस्टर इंजेक्शन आणायला गेली होती. तेवढ्यात आजूबाजूच्या खाटांजवळच्या माणसांनी हात लावला. मास्क निघाला, फरशीवर घोंगडी पडली, रामकिसन आडवा झाला. आडवा होताच त्याचे डोळे फिरले. तो काहीतरी धरायला बघावं तसे हवेत हात मारू लागला. त्याची बायको वच्छलाबाई पायाशी उभी होती. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. थोरल्या दिरासमोर ती आजवर कधी बोलली नव्हती.

"सुटायची धडपड चाललीय," तात्यासाहेब म्हणाले आणि लोटीचं झाकण काढू लागले. झाकण घट्ट बसलं होतं.

"पाणी घालू नका."

सगीरा सिस्टर हातातल्या ट्रेसकट धावत आली होती. "बाबा, यांचं हृदय थकलंय. छातीत आधीच पाणी साचलंय. आडवं केलं की माणूस आतल्या आत बुडतो."

"बाई, आमच्यात जीव खाटेवर जाऊ देत नायत."

"मग राहू द्या खालीच." ती फरशीवर गुडघे टेकून बसली. "पण बसवून."

तिनं रामकिसनला काखेत हात घालून बसतं केलं. सिलिंडर ओढून आणवला, मास्क चढवला, शिरेत सुई दिली. पाठीशी उशा लावल्या, पण त्या फरशीवरून सरकल्या आणि रामकिसन पुन्हा मागं कलंडला.

"उशांचं काम नाही. पाठीला माणूस पाहिजे."

"मी बसते," वच्छलाबाई म्हणाली. "घरीबी माझ्याच पाठीला टेकून झोपत्यात. आडवं सोसतच नाय त्यान्ला."

तात्यासाहेबांनी चमकून तिच्याकडं पाहिलं. सगीरानं तिचे काटकुळे खांदे पाहिले, जागरणानं सुजलेले डोळे पाहिले. मग ती तात्यासाहेबांकडं वळली.

"तुम्ही बसा, बाबा."

"मी?"

"खाली तुम्हीच घेतलं ना."

ती रागानं बोलली नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. तात्यासाहेबांनी फेटा काढून खाटेवर ठेवला आणि भावाच्या पाठीला पाठ लावून फरशीवर बसले. अंगावर भार आला. आता नखं दिसत नव्हती, नाक दिसत नव्हतं. समोर फक्त भिंत होती. पण भावाचा श्वास त्यांच्या मणक्यातून वर चढत होता आणि त्यात चुलीवर काहीतरी शिजत असल्यासारखी बुडबुड होती. हा रामकिसन मरत नाही, हा जगायला झगडतोय, हे त्यांना पाठीनं सांगितलं. आणि आपण त्याला आडवा पाडला होता.

सगीरा येऊन नाडी बघत होती. वच्छलाबाई लघवीचं भांडं रिकामं करून आणत होती. "पाणी उतरतंय," सगीरा म्हणाली. ऊन खिडकीतून निघून गेलं. तात्यासाहेबांच्या मांड्यांना मुंग्या आल्या, मग मांड्या आहेत की नाहीत तेही कळेना. ते हलले नाहीत.

एकाएकी रामकिसनचं डोकं मागं कललं आणि त्यांच्या खांद्यावर पडलं.

तात्यासाहेबांनी डोळे मिटून घेतले. आयुष्यभर दुसऱ्यांना निकाल सांगणाऱ्या त्या माणसाला मान वळवायचा धीर होईना.

"सिस्टर," ते पुटपुटले, "बघा वो जरा. गेला का?"

सगीरा वाकली. मास्कवर वाफ धरत होती आणि विरत होती. तिनं मनगट धरून पाहिलं आणि हात हळूच त्याच्याच मांडीवर ठेवला.

"झोपले."

वच्छलाबाई खाटेच्या पायाला टेकून बसली आणि तिनं आज पहिल्यांदा पाय लांब केले.

थोड्या वेळानं सांडू दारात आला. काखेत कागदात गुंडाळलेलं कापड होतं. खाटेवर नुसता फेटा, दोघं भाऊ जमिनीवर आणि रामकिसनची मान मागं पडलेली, एवढंच त्याला दिसलं. त्याचा हुंदका फुटला.

"कधी गेला, तात्या?"

"हळू बोल. झोपलाय त्यो." तात्यासाहेबांनी मान न वळवता हात पुढं केला. "ते कापड काढ. चांगली जाड घडी कर आन् माझ्या खांद्यावर ठेव. हाड रुतत असंल त्याच्या मानेला."