तळघरातल्या मशाली

आई गेली आणि तिचा व्हिडिओ गेम अर्धवट राहिला. तो पुरा करायचाच, म्हणून बापलेक बसले. वाळवंटातल्या झपाटलेल्या तुरुंगाच्या तळघरात लेक उतरली, तर मिट्ट काळोख, आणि भुतं थेट अंगावर!

“अगं, इथे एकही मशाल नाही?” बाबा ओरडले.

“आहेत की! आईनं खोलीतून निघताना एकूण एक विझवल्यात.”

“भुतांच्या घरीसुद्धा?” बाबांना हसू आवरेना.

मग वाट सोपी झाली. जिथवर अंधार, तिथवर आई पोचली होती. एका वळणावर जळती मशाल दिसली, आणि आईची वाट तिथेच संपली.

तिथून पुढे धडपडत, भुतांना चकवत, अखेर बाहेरचं दार सापडलं. लेक धावत सुटणार, तोच बाबा म्हणाले, “थांब गं! मागचे दिवे कोण विझवणार?”