अस्तराच्या रंगाचं आकाश

“उतरा, दिसायला लागलेत,” ड्रायव्हर म्हणाला आणि बसमधली सगळी मंडळी कॅमेरे सावरत बर्फात उतरली. मास्तर सीटवरच राहिले. हातमोजे सापडत नाहीयेत, म्हणाले. हातमोजे त्यांच्या हातातच होते.

“चला हो,” बायको म्हणाली. “आकाश काही तुमच्या हातमोज्यांसाठी थांबणार नाही.”

नॉर्दर्न लाइट्स, उत्तर ध्रुवाकडच्या आकाशातले ते रंगीत प्रकाश, स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे, हे खूळ तिच्या डोक्यात कुठून शिरलं याबद्दल मास्तरांची खात्री होती. दुकानातलं ते कॅलेंडर. काळ्या आकाशात हिरवा पडदा लोंबतोय, असं चित्र. साल संपलं तरी तिने ते शिलाई मशीनच्या वरून काढू दिलं नाही. पडदा हिरवा आहे, हे अर्थात तिनेच त्यांना सांगितलं होतं. मास्तरांना लाल आणि हिरवा वेगळे कळत नसत. दोन्ही एकाच मातकट घराण्यातले.

शिंप्याला रंग कळत नाहीत, हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. नव्या संसारात ती माहेरी गेली असताना मास्तरांनी एका गिऱ्हाइकाचा गर्द हिरवा कोट विटकरी दोऱ्याने शिवला, इस्त्री केली आणि कौतुकाने खुंटीला टांगून ठेवला. ती परत आली. कोटाकडे पाहिलं, दार लावून घेतलं आणि उसवायला बसली. तेव्हापासून मास्तर मशीनवरून मान वर न करता डावा तळहात पुढे करत आणि ती त्यावर रीळ ठेवी. गिऱ्हाइकं चेष्टा करायची, मास्तरांना दोरासुद्धा बायकोच्या हातचाच लागतो. मास्तर लाजल्यासारखं करायचे. पोटच्या मुलीलाही वाटायचं, आईने बाबांना फार लाडावून ठेवलंय.

दुकान मुलीच्या हाती दिल्यावर बायकोने या प्रवासाचं काढलं. मास्तरांनी आधी गुडघे पुढे केले, मग थंडी. शेवटी म्हणाले, तू लेकीला घेऊन जा, माझं तिथे काय काम, आकाशाला थोडंच रीळ लावायचंय. खरं कारण निराळं होतं. सूर्यास्त, बागा, नातीचे फ्रॉक, सगळ्यांपुढे त्यांनी आजवर इतरांकडे बघून मान डोलावली होती. ती मान कधी खोटी डोलते, ते फक्त तिला कळायचं. तिच्या एवढ्या मोठ्या हौसेपुढे तरी तशी डोलवायची नव्हती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, तुम्ही नाही तर मीही नाही. मग काय, बॅगा भरल्या.

आता दोघं बसच्या मागे उभी होती. मास्तरांनी आधी आपल्या बुटांकडे पाहिलं, मग बसच्या टायरकडे, मग नाइलाजाने वर.

टेकडीच्या माथ्यावर एक फिका, पांढुरका पट्टा होता. हलत होता की नव्हता, तेही धड कळत नव्हतं.

आजूबाजूला कुरकुर सुरू झाली. हेच का ते? हा तर ढग. याच्यासाठी एवढ्या लांब आलो? ड्रायव्हरला हे रोजचंच होतं. साध्या डोळ्यांना बहुतेक वेळा असंच दिसतं, तो म्हणाला, रंग पकडतो तो कॅमेरा. प्रकाशाने जोर धरला तर डोळ्यांनाही दिसतात, पण आज तशी लक्षणं नाहीत. मंडळींनी फोटो काढले, गारठली आणि एकमेकांना फोटोतला हिरवा रंग दाखवत बसमध्ये चढली. आत दिवा लागला. काचांवर वाफ धरली.

मास्तर अजून वरच बघत होते.

“तुला काय दिसतंय गं?”

“आधी तुम्ही सांगा.”

असं उलटं कधी झालं नव्हतं. मास्तरांनी डोळे बारीक केले.

“अस्तराचं कापड,” ते म्हणाले. “रंगवायच्या आधीचं. कुणीतरी झटकून वाळत घातलंय.”

“मलाही अगदी तेच.”

“खरं?”

“खरं. आणि ते मला आधीच माहीत होतं. तो उंच माणूस आठवतो, कोटाची चेन बदलायला आलेला? इथे येऊन गेला होता. हिरवं नाही न् काही नाही, फसवणूक आहे सगळी, म्हणून किती बडबडला. तुम्ही आत कापड बेतत होतात.” तिने नाक पुसलं. “तेव्हाच ठरवलं, आपण इथे यायचं.”

मास्तरांनी डावा हातमोजा काढला आणि वर बघत बघतच तळहात पुढे केला, मशीनवर बसल्यासारखा. तिने त्यात आपला हात ठेवला.

आणि तेवढ्यात पट्टा ताणला गेला, उलगडला आणि आकाशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पेटला. हिरवा. कोवळ्या पानातून ऊन यावं तसा हिरवा, खाली गुलाबी काठ, आणि घड्या पडत, उलगडत, थेट त्यांच्या डोक्यावर येणारा. कॅलेंडर त्याच्यापुढे विटकं होतं. तिचा श्वास छातीतच राहिला.

“उजळलं गं,” मास्तर म्हणाले. “रंग आला का?”

इतक्या वर्षांत त्या तळहातावर तिने एकदाही चुकीचं रीळ ठेवलं नव्हतं.

“नाही हो,” ती म्हणाली. “अजून अस्तरच आहे.”