कढीपत्त्याऐवजी खेकडा

"पडक्या भिंतीला पडकी भिंत टेकवू नये गं, दोन्ही बसतात," असं सासूबाई सांगलीहून फोनवर म्हणाल्या होत्या. माझा नवरा गंधार आणि बालाजीराव यांच्या मैत्रीबद्दल. मी 'हो, हो' करून फोन ठेवला आणि ऋजुताला खिमट भरवायला वळले.

त्या शनिवारी बारा वाजून दहा मिनिटांनी ते वाक्य मला शब्दन् शब्द आठवलं.

गंधार सकाळी साडेसहाला घरातून निघाला होता. "बालाजीकाकांबरोबर कोवलमला जातो, मासे आणतो," एवढंच म्हणाला, तेही कानावरचा फोन न काढता. चेन्नईबाहेर सिरुसेरीच्या आमच्या फ्लॅटपासून कोवलम, समुद्रकाठचं कोळ्यांचं गाव, काही लांब नाही. दहापर्यंत यायला हवे होते. नऊपासून दोघांचेही फोन बंद. आणि दारूचं सरकारी दुकान बाराला उघडतं. वाटेवर एक आहे.

गंधारला दारू सोडून बासष्ट दिवस झाले होते. बालाजीरावांचे किती, ते सांगणं कठीण. चार वर्षांत तीनदा घसरले आणि तिन्ही वेळा पहिल्या दिवसापासून मोजायला लागले. सदुसष्ट वर्षांचे, बँकेतून निवृत्त, तंजावरकडचे मराठी, वेस्ट मांबलमला एकटेच राहतात. मासे सोडा, कांदा-लसूणही खात नाहीत. दारू सोडू पाहणारे लोक मंगळवारी एका हॉलमध्ये गोल बसून आपापलं सांगतात, तिथली या दोघांची ओळख. गंधारला तमिळ येत नाही. बालाजीराव शेजारी बसून त्याला सगळं मराठीत सांगत, त्यांच्या त्या जुन्या मराठीत, आणि गंधारला त्यातलंही निम्मंच कळे.

पाऊण वाजता गॅलरीतून दोघे दिसले. मी आधी पाय बघते. पाय वाकडे पडत होते. दोघेही रस्ताभर डुलत होते, मधेच थांबत होते, एकमेकांना ओढत होते आणि मोठ्यानं हसत होते. वॉचमन उभा राहून बघत होता. ऋजुताला कडेवर घट्ट धरलं आणि दार उघडून उभी राहिले.

जिना चढून आले. मी पुढे होऊन गंधारच्या शर्टाला नाक लावलं. समुद्राचा, माशांचा आणि घामाचा उग्र वास. बाकी काही नाही. पुन्हा एकदा लावलं.

"मलाही बघ की, अम्मा," बालाजीराव म्हणाले. त्यांनी एका हातानं कापडी पिशवीचा एक बंद धरला होता, दुसरा बंद गंधारच्या हातात. दोघांनी हात होता होईल तेवढे लांब ताणले होते. मधे पिशवी आपोआप उडत होती.

"जिवंत अहे," ते म्हणाले. "चावतो. तुझ्या नवऱ्याला दोनदा, मला एकदा."

"सांगा तिला, काका, काय केलंत ते," गंधार म्हणाला.

"तूच सांग, तंबी," धाकट्या भावाला म्हणतात तसं ते म्हणाले. "मी केलं ते बरोबर होतं."

झालं होतं असं. कोळणीशी घासाघीस बालाजीरावांनी केली, मांबलमच्या भाजीबाजारात करतात तशीच. मासे ताजे आहेत की कालचे, हे त्यांनी वांगी दाबून बघावीत तसं दाबून बघितलं. पैसे दिले आणि मग पिशवी उघडी धरून उभे राहिले. चेन्नईत भाजीवाली शेवटी कढीपत्ता-कोथिंबिरीची काडी वर फुकट टाकते. ती टाकल्याशिवाय हलायचं नाही, अशी त्यांची साठ वर्षांची सवय.

"मी विचारलं, कढीपत्ता कुठे अहे?" बालाजीराव म्हणाले. "ती बाई इतकी हसली की खाली बसली. शेजारच्या चौघींना बोलावलं. मग तिनं हा टाकला."

खेकडा बसमध्ये पिशवीबाहेर आला. कंडक्टरनं दोन माणसं आणि एक खेकडा अशा तिघांना भर उन्हात खाली उतरवलं. तिथून घरापर्यंत चालत.

"आणि फोन?"

"बॅटरी संपली," गंधार म्हणाला.

"दोघांची?"

बालाजीराव हात धुवायला गेले, तेव्हा गंधार स्वयंपाकघरात माझ्यामागे येऊन हळूच म्हणाला, "आज त्यांची घसरायची वेळ होती गं. आज त्यांच्या बायकोचं वर्षश्राद्ध. सहाला फोन आला. बाटली समोर ठेवून बसले होते. मला काय बोलायचं सुचेना. म्हटलं, काका, मला मासे हवेत आणि तमिळ येत नाही, तुम्ही येता का? वेस्ट मांबलमपासून कोवलमपर्यंत दोन बस बदलून आले, पण फोन ठेवू दिला नाही मी त्यांना."

"बाटलीचं काय?"

"मोरीत ओतली. आवाज ऐकला मी."

बाहेर बालाजीराव ऋजुताला बादलीतला खेकडा लांबूनच दाखवत होते. ती नांगीकडे हात करून खदखदत होती. त्यांनी आमच्याकडे पाठ फिरवून दहीभात खाल्ला, म्हणाले, "तुम्ही मासा करा, मी वास सोसतो. आज मी पुष्कळ सोसलं." आणि दुसऱ्यांदा भात मागून घेतला. गंधार मासे साफ करता करता शीळ घालत होता. लग्नानंतर मी ती पहिल्यांदाच ऐकली.

सोमवारी आम्ही ऋजुताच्या पहिल्या वाढदिवसाला सांगलीला चाललोय, दहा दिवस. गंधार रोज फोन करील. पण फोनवर माणूस 'बरा आहे' असंच म्हणतो. तुम्ही वेस्ट मांबलमच्या बाजूला असाल, तर स्टेशनजवळच्या गल्लीत बालाजीराव राहतात ती पिवळी इमारत आहे, दुसरा मजला, डावीकडचं दार. एकदा बेल वाजवून बघाल का? उघडायला वेळ लागला तरी परत फिरू नका. 'मला तमिळ येत नाही,' म्हणा.