आमेनपर्यंत

शेळ्या, चूल, धुणं उरकून मार्था पडवीत मुलांसमोर बसली. वस्तीवरून शाळा लांब, म्हणून ती दोघांना घरीच शिकवायची. धड्याआधी रोज प्रार्थना असे. तिनं हात जोडले, डोळे मिटले. "हे स्वर्गीय पित्या, आजच्या दिवसाबद्दल..."

डोळे उघडले तेव्हा ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं आणि मान अवघडली होती. मोठी एस्तेर आणि धाकटा योना अजून हात जोडूनच बसले होते. योना चुळबुळला तशी एस्तेर कुजबुजली, "गप्प बस. आई देवाशी बोलतेय."

मार्था ओशाळली. "आमेन," ती पुटपुटली.

"आमेन. आज देव एवढा वेळ काय सांगत होता गं?" एस्तेरनं विचारलं.

मार्थानं अवघडलेली मान चोळली. "झोप म्हणाला."

"मग उठलीस कशाला?"