पाहुणा घरात असताना

जैनीच्या कपाळावरचा दुःख मोजणारा पट्टा चौथ्यांदाही हिरवाच राहिला, तेव्हा संशोधक पारखी समाधानाने म्हणाले, "मावशी, तुमचं दुःख ओसरलंय. वस्तीतले बाकीचे पट्टेही हिरवेच आहेत. आता दर बुधवारी येणाऱ्या मनाच्या डॉक्टरीणबाईंची गरज नाही."

"गरज नाही?" गोळीबारात गाव जळून सुटल्यापासून जैनीची लेक रुकनी त्या बाईंशीच काय ते चार शब्द बोलायची. जैनीने चहाचं भांडं आदळलं. "आणि हे सांगायला माझाच चहा पिणार तुम्ही?"

"यंत्र खोटं बोलत नाही, मावशी."

जैनीने त्यांना नीट न्याहाळलं. चपला दाराबाहेर, पाठ ताठ, बशीत अर्धं बिस्किट. शिकलेला असला तरी पाहुणाच. अन् पाहुणा घरात असताना तिच्या माणसांत कुणी दुःख वर काढत नसे. गाव जळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी चौकशीला आलेल्यांनाही तिने आधी पाणीच दिलं होतं.

"उठा साहेब. पट्टा राहू द्या, तुम्ही बाहेर व्हा."

"पण नियमात..."

"उठा म्हणते ना! समोर बसून कुणी दुःख मोजतं होय?"

दार धाडकन लागलं. वीटभट्टीच्या धुरात पारखी हातातल्या यंत्राच्या पडद्याकडे बघत उभे राहिले. आतून हूं की चूं नाही. हिरव्याचं पिवळं झालं, पिवळ्याचं लाल, आणि काटा शेवटच्या रेघेला जाऊन भिडला.

"लाल झालं का?" आतून घोगरा आवाज आला.

"झालं," पारखी पुटपुटले.

"मग लिहा लवकर. मी दार उघडलं की तुम्ही परत पाहुणे."